आप्पांचं गाऱ्हाणं

माझे सासरे सखाराम, म्हणजे आप्पा, गावातले गाऱ्हाणं घालणारे मानकरी. शिमग्यात पालखी ज्याच्या अंगणात येईल, त्या घरासाठी देवाकडे मागणं मागायचं ते आप्पांनी, आणि लोकांनी त्यावर ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आवाज असा, की देवाला नसलं तरी पलीकडच्या वाडीला नक्की ऐकू जायचं. घरातसुद्धा मीठ मागायचे ते गाऱ्हाणं घातल्यासारखे. मी फार वैतागायचे.

थायरॉईडची गाठ काढली आणि घरात आला तो कुजबुजणारा म्हातारा. आवाजाची नस दुखावली आहे, परत येईलही, नाहीही, असं डॉक्टर म्हणाले. आप्पांनी नुसती मान हलवली. उपाशीपोटीची गोळी द्या, घेतली. पेज द्या, प्यायली. गळ्यावरच्या टाक्यांखालची कातडी बधिर झाली होती. तिथे बोट ठेवून ते ओटीवर तासन्‌तास बसत. राग नाही, रडू नाही. सासूबाई म्हणाल्या, “वराडले तरी चालतील, पण हे नको गो.” मलाही तेच वाटायला लागलं होतं, आणि भीतीही.

शिमगा आला. इतर घरांत पुतण्या निलेशने गाऱ्हाणं घातलं. पण आमच्या अंगणात पालखी टेकली तेव्हा निलेश मागे सरकला. “आपल्या घराचं तुम्हीच घाला, आप्पा.”

आप्पा मफलर गुंडाळून उभे राहिले. ढोल थांबले. ओठ हलत होते, पण शब्द पुढच्या माणसापर्यंतही पोचत नव्हते. तरी लोक काही अडले नाहीत. ओठ थांबले की अख्खं अंगण गरजायचं, “व्हय म्हाराजा!” काय मागितलं ते कुणाला ठाऊक! होकार देण्यात आमचा गाव कधी मागे नसतो.

पालखीची ओटी भरायला सासूबाई आणि मी मात्र त्यांच्या अगदी शेजारी होतो. आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.

“बा देवा म्हाराजा, माझा मान आता निलेशाक दे.”

“व्हय म्हाराजा!”

“माझं आता कशातच मन नाय. मला घेऊन जा.”

“व्हय—”

“नाय म्हाराजा!” सासूबाई ओरडल्या.

माझ्या हातातलं ताट कललं, तांदूळ सांडले. पालखीसमोर नाही म्हणणारं माणूस गावाने आजवर पाहिलं नव्हतं. आप्पा गर्रकन वळले. चेहरा लालबुंद. दवाखान्यातून आल्यापासून ते पहिल्यांदा रागावले होते.

“गाऱ्हाण्यात नाय म्हणतात काय गो?” आवाज फाटका, घोगरा, पण पालखीच्या भोयांपर्यंत गेला.

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले.

“मग परत घाला,” त्या म्हणाल्या. “आणि नीट मागा.”