भावाच्या स्कूटरचा फिल्टर

माझ्या धाकट्या भावाने आपल्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचा एअर फिल्टर काढून टाकला, त्याला बरीच वर्षं झाली. इंजिनला हवा मोकळी हवी, असं त्याचं म्हणणं. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त लागतं, म्हणून त्याने कार्बुरेटरमध्ये मोठ्या भोकाचं जेट बसवलं होतं. जेट म्हणजे पेट्रोल ज्यातून जातं तो दाण्याएवढा पितळी स्क्रू. भाऊ होता तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं, आवाज तेवढा ठाऊक होता. कार्बुरेटरचं तोंड उघडं असल्यामुळे स्कूटर घसा खाकरल्यासारखी वाजायची, आणि ती वळणावर आली की आई हातातलं काम ठेवून फाटक उघडायची. त्याला फाटकापाशी कधी पाय टेकावा लागला नाही.

गेल्या हिवाळ्यात चार दिवसांच्या आजारपणात तो गेला. स्कूटर मार्चपर्यंत पोर्चमध्ये उभी होती. मग मी ती रामदासपेठेतल्या ग्रंथालयात, माझ्या कामावर, नेऊ लागले. पहिल्या संध्याकाळी वळणावर आले तर फाटक उघडं. मी पाय न टेकता आत गेले.

मे महिन्यात आमच्या रस्त्यावर पुलाचं खोदकाम सुरू झालं. घरी पोचेपर्यंत चष्म्यावर धुळीचा थर बसायचा. मी तोंडाला दुपट्टा बांधून जात होते. स्कूटरचं तोंड तर उघडंच. म्हणून एका सकाळी मी जुना सुती दुपट्टा फाडला, त्याची दुहेरी घडी केली आणि कार्बुरेटरच्या तोंडावर सुतळीने बांधून टाकली. आपण फार शहाणपणाचं काम केलं असं मला वाटत होतं. सीताबर्डीपर्यंत गाडी कण्हत आली, धूर सोडत राहिली आणि बंद पडली. ती ढकलत मी मागच्या गल्लीत भावाच्या मेकॅनिककडे नेली. साठी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस, अशी माझी समजूत होती.

"ताई, हे काय करून राहिल्या?" तो म्हणाला. "तुमाले ऊन लागते म्हणून गाडीलेबी दुपट्टा?" मग शेजारच्या चहावाल्याला हाक मारली, "इकडे ये गा, पाहून घे. आता गॉगल तेवढा राहिला!"

हसून झाल्यावर त्याने प्लग काढून दाखवला. काळा, ओला. "पेट्रोल तेवढंच अन् हवा कमी. मंग काळा नाही होईन तं काय? फिल्टर लावाचा असन तं जेटबी लहान टाका लागते. नुसतं तोंड बांधून नाही होत."

त्याने इंजिन खोललं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बारीक उभे चरे होते. धुळीचे.

"चरे घासून सिलिंडर आतून मोठा करता येते, पण हा शेवटचा बोर आहे. याच्यापुढच्या साइजचा पिस्टनच भेटत नाही. भाऊले किती डाव सांगतलं, फिल्टर लाव गा. तं म्हणे, काका, तिचा दम घुटते. पण तो दर रविवारी खोलून साफ करे. तुमी करान का?"

"मला नाही जमणार."

"मंग इथं बोट घाला."

सिलिंडरच्या बाजूला वायू जाण्यायेण्याची भोकं होती. बाहेरचं ओतीव लोखंड रव्यासारखं खरखरीत. आत बोट गेलं तर चिंचोक्यासारखं गुळगुळीत. कुठे कड नाही, कुठे उंचवटा नाही. "दोन महिने घासत होता. छोटी कानस अन् पॉलिश पेपर. मी इतकी वर्षं हेच करून राहिलो, पण मले असं नाही जमलं."

शाळेत एकही वही पूर्ण न केलेला माझा भाऊ. कुणालाही दिसणार नाही अशा जागी त्याने इतकं सुंदर काम केलं होतं, आणि आम्ही त्याच घरात असून त्याला कधी विचारलं नव्हतं की रोज संध्याकाळी काय घासतोस. मी बोट काढलं नाही. मेकॅनिकने घाई केली नाही.

फिल्टर नाही लावला तर आवाज राहील. वर्ष दोन वर्षांत सिलिंडर भंगारात जाईल. लावला तर हे राहील, आवाज जाईल.

मी एक दिवस मागून घेतला आणि बसने घरी गेले. फाटक बंद होतं. आईला विचारावं असं जेवताना दोनदा मनात आलं. पण काय विचारणार? ती नाही म्हणाली असती तर मला ते मोडवलं नसतं. दुसऱ्या दिवशी मी तिला न विचारताच फिल्टर लावायला सांगितला.

मेकॅनिकने तीन जेट बदलून पाहिली. प्रत्येक वेळी मोकळ्या रस्त्यावर गाडी पूर्ण वेगाने पळवायची, तशीच बंद करायची आणि प्लग काढून बघायचा. पहिला काळपट. दुसरा पांढुरका, त्यावर त्याने जीभ चावली, म्हणाला, "असा पांढरा असला तं इंजिन जळते." तिसरा प्लग त्याने माझ्या हातात दिला. "तुमी तं पुस्तकंच वाचता दिवसभर. हे वाचा."

भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालाचा रंग होता. "चांगला आहे का?" मी विचारलं.

"भाऊ असता तं फ्रेम करून लावला असता."

घरी निघाले. आवाज आता दबका, कुणीतरी खोलीचं दार ओढून आत बोलत असावं तसा. वळणावर आले. फाटक बंद होतं. मी पाय टेकून थांबले, इंजिन सुरूच.

आतून आईचा आवाज आला, "कोण होय गा?"

"मीच वं आई."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. फाटकाची कडी धरून तिने स्कूटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काय केलं ते मी सांगितलं. सिलिंडरचं, चऱ्यांचं, आतल्या गुळगुळीत भोकांचं. ती ऐकत होती की नाही कळेना. बोलून झाल्यावर मी गाडी बंद करायला गेले.

"राहू दे," ती म्हणाली. "थोडी चालू राहू दे. आवाज ध्यानात येऊ दे मले."