नाव न घातलेला आवाज

उदगीरच्या सोमेशला कोणी विचारलं, की बाबा रे, एवढी अक्कल असून तू त्या आवाजावर नाव का घातलं नाहीस, तर तो मान खाली घालतो. काय सांगणार? आई नको म्हणाली म्हणून. कोर्टकचेरीत हे उत्तर चालत नाही.

सोमेशचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. घरात आई शिवकांता, जिला सगळे अव्वा म्हणतात, आणि थोरली बहीण सुकन्या. सुकन्या जन्मापासून आंधळी. फोनवरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज तिच्याकडे होता, पण असा कडक आणि परका की ती वैतागायची. "ह्यो माझ्याशी फौजदारावानी बोलून राहिला," म्हणायची. तेव्हा सोमेशनं घरातच आवाज तयार करायचं मनावर घेतलं. जगभरच्या लोकांनी लिहून सगळ्यांसाठी खुली ठेवलेली सॉफ्टवेअर त्याला ठाऊक होती. त्यात फक्त एका माणसाचं भरपूर बोलणं भरावं लागतं. ते काम अव्वानं केलं. दुपारी भांडी आवरली की पंखा बंद करून, खिडकीला गोधडी लावून ती वाचायला बसायची. घामानं निथळायची, आणि एक शब्द चुकला तरी अख्खं वाक्य पुन्हा म्हणायची. उन्हाळा सरता सरता फोन अव्वासारखा बोलायला लागला. वाक्याच्या शेवटी तोच कानडी हेल. सुकन्यानं त्या दिवशी सगळं वर्तमानपत्र ऐकलं, निधनवार्तांसकट.

मग हे सगळ्याच आंधळ्या माणसांना मिळावं असं ठरलं. इंटरनेटवर ठेवताना निर्मात्याचं नाव विचारलं गेलं. सोमेश आईचं नाव घालायला गेला, तर तिनं त्याचा हात धरला. मठातल्या दासोहाला, म्हणजे येईल त्याला जेवू घालायच्या पंगतीला, यांच्या घरून दरवर्षी ज्वारीचं पोतं जातं. ते स्वयंपाकघराच्या दारात ठेवायचं आणि मागं न बघता निघायचं. आपण कोणाचं खातोय हे जेवणाऱ्याला कळू नये, म्हणजे त्याची मान खाली जात नाही. देवळाला पंखा देऊन त्याच्या पात्यांवर स्वतःचं नाव रंगवून घेणाऱ्यांचा अव्वाला भारी राग.

"दासोहाला नाव घालतेत का रे?" ती म्हणाली.

झालं. सोमेशनं 'दासोह' नावानंच खातं काढलं, दुकानातल्या जादा सिमचा नंबर दिला आणि खाली लिहिलं, कोणीही घ्या, काहीही करा. काय हा भोळेपणा. अशा खुल्या गोष्टी वाटणारी शहाणी माणसंसुद्धा परवान्यात चार अटी घालतात, की आमचं नाव ठेवा, पुढच्यालाही फुकटच द्या. सोमेशला ते माहीत होतं. पण दासोहाला अटी घालायला त्याचं मन धजेना. मूळ रेकॉर्डिंगही तिथंच चढवून त्यानं दुकानातला संगणक मोकळा केला. कंधारहून, किल्लारीहून लोक दुकानात यायचे, फोनात आवाज भरून न्यायचे. अव्वा त्यांना चहा पाजायची आणि हा आवाज कोणाचा, ते सांगायची नाही.

पुढं अव्वाला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. घर अजून त्यातून सावरलं नव्हतं, तोच दिल्लीच्या एका कंपनीची नोटीस आली. आवाज आमचा आहे, तुम्ही तो चोरून वाटता. कंपनीनं तो तसाच उचलून, आपलं नाव चिकटवून, नोंदणी करून विकायला काढला होता. त्यांच्याच तक्रारीवरून 'दासोह' खातंही बंद झालं होतं. ते उघडायला ओटीपी जायचा जुन्या नंबरवर, आणि ते सिम कधीच बंद पडलेलं. मूळ रेकॉर्डिंग त्या खात्यातच अडकून पडलं.

लातूरचे वकील हणमंतराव भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आवाज आईचा हाय ना? मग कोर्टापुढं एक वाक्य बोलू द्या त्यांना. तेवढ्यानं काम भागतंय."

"ती बोलत न्हाई वकीलसाहेब."

"जुनं काही? लग्नातला व्हिडिओ?"

"त्यात बँड हाय नुसता."

हणमंतरावांनी नोटिशीसोबत आलेला कागद पुढं सरकवला. लढायचं तर दिल्लीत, वर्षानुवर्षं. या कागदावर सही केली तर कंपनी दावा करणार नव्हती. त्या कागदात लिहिलं होतं की सदर आवाज माझा अथवा माझ्या कुटुंबातील कोणाही व्यक्तीचा नाही. सोमेशनं ते वाचलं, आणि अव्वाला मालिश करणाऱ्या बाईचे पैसे तोडून दिल्लीच्या खेपा कशा करायच्या याचा विचार केला. त्यानं सही केली. घरी येऊन सुकन्याच्या फोनातला आवाज स्वतःच्या हातानं पुसला. सही कशावर केली, हे घरात कोणाला सांगितलं नाही.

सुकन्याला चार दिवस करमेना. मग तिनं शेजारच्या आरतीकडून कंपनीचं ॲप फोनात घालून घेतलं. सुरुवातीला फुकट होतं. घरात पुन्हा अव्वाचा आवाज घुमायला लागला. सुकन्या दुपारी अव्वाच्या बाजेशी बसून बातम्या लावायची आणि अव्वा डोळे मिटून स्वतःला ऐकत पडायची. आजारपणानंतर तिच्या तोंडावर जरा कळा आली ती त्याच दिवसांत.

एका दुपारी सोमेश तिला पेज भरवत होता. कुठलीशी बातमी चालू होती. ती मधेच थांबली, आणि त्याच मायेच्या आवाजात, त्याच हेलात फोन म्हणाला, "मोफत वापराची मुदत संपली आहे. पुढे ऐकण्यासाठी पैसे भरा."

अव्वानं डोळे उघडले. फोनकडे बघितलं, मग सोमेशकडे. तिचा डावा हात उठला आणि हवेत हलायला लागला, नाही, नाही. तोंडातून नुसता घोगरा आवाज येत राहिला. पेज हनुवटीवरून ओघळली.

"काय म्हणून राहिली रे ती?" सुकन्यानं विचारलं.

ती काय म्हणतेय ते सोमेशला पुरतं कळत होतं. मी असं बोलले नाही, हेच ती सांगत होती.

"पाणी मागून राहिली, अक्का," तो म्हणाला आणि तांब्या घेऊन आत गेला. मागं फोन पुन्हा तेच म्हणाला.