मशीनमधला अजिंठा

यंदा आमच्या शाळेची सहल रद्द होता होता राहिली... आणि रद्द व्हायला निमित्त काय, तर मी हौसेनं वर्गात आणलेलं एक यंत्र.

मी चिखली तालुक्यात उंद्रीजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात कॉम्प्युटरमध्ये आहे, तो दिवाळीला आला तेव्हा त्याचा व्हीआर हेडसेट माझ्याकडे ठेवून गेला. डोळ्यांवर चढवला की फळा गायब आणि आपण थेट अजिंठ्याच्या लेणीत.

दहावीच्या वर्गात खडूनं एक गोल आखला. ज्याची पाळी त्यानं गोलात उभं राहायचं, त्याला जे दिसतं ते बाकीच्यांनी टीव्हीवर बघायचं. पहिलाच पोरगा चपला बाहेर काढून गोलात गेला, मग सगळे तसेच गेले... लेणीत चपला घालून कोण जातं?

तास मात्र रंगला. एरवी "सर, हे पेपरात येते काय?" एवढंच विचारणारी पोरं छताकडे बघून "अबे बाप रे" करत होती.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. स्वारी भलतीच खुशीत होती. "सर, अजिंठा तं शाळेतच आला! मंग सहल कायले काढाची? ना बसची भानगड, ना लेकरांची जबाबदारी."

सहल अजिंठ्याचीच होती. म्हणजे माझ्याच हातानं मी पोरांच्या सहलीवर पाणी ओतलं होतं...

तोंडं सगळ्यांचीच उतरली, पण खरी पंचाईत झाली करुणाची. तिच्या वडिलांचं फाट्यावर पंक्चरचं दुकान आहे. माणूस चांगला, पण पोरगी जरा नजरेआड झाली की त्यांचा जीव खालीवर होतो. आठवीत सहलीला नाही म्हणाले, नववीतही नाही.

यंदा तिचं शाळेतलं शेवटचं वर्ष. मी दोनदा दुकानावर जाऊन, नको असताना चहा पिऊन, कसाबसा त्यांचा होकार मिळवला होता. पोरीनं चिखलीच्या पुढचा रस्ता पाहिलेला नव्हता. घरात रोज बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावते, आणि लेणीतल्या बुद्धासमोर एकदा उभं राहायचं हे तिच्या मनानं कधीचं घेतलं होतं.

आता वडीलही म्हणायला लागले, "मशीनीत दिसते ना सर? मंग झालं तं."

मधल्या सुट्टीत करुणा नुसती माझ्याकडे बघायची... खरं सांगतो, मला त्या हेडसेटचा राग यायला लागला होता. आणि माझाही.

शनिवारी पालकसभा होती. सहल रद्द, त्याऐवजी सगळ्यांना मशीनवर अजिंठा, असं तिथं जाहीर व्हायचं होतं. प्रात्यक्षिक खुद्द मुख्याध्यापक करणार होते. बूट काढून ते गोलात उभे राहिले, मी हेडसेट चढवून दिला. पहिल्याच रांगेत करुणाचे वडील बसले होते.

"पालकहो, सगळं हुबेहूब आहे! तिथं जायची गरजच नाही." टीव्हीवर लेणीतला एक जाडजूड खांब दिसत होता. बोलता बोलता सर ऐटीत त्या खांबाला टेकायला गेले...

खांब अर्थातच नव्हता.

सर धप्पकन खाली. करुणाचे वडील धावले, सरांना उचलून खुर्चीत बसवलं आणि त्यांची कंबर चोळायला लागले. सरांच्या डोळ्यांवर हेडसेट तसाच. ते विचारत होते, "खांब कुठं गेला?"

मग जे हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. मीही हसलो, लपवत नाही.

करुणा मात्र हसत नव्हती. ती उभी राहिली. "सर, खऱ्या खांबाले टेकले अस्ते तं पडले नस्ते. आम्हाले खऱ्या लेणीत घेऊन चला ना." मला वाटलं, आता हिची काही खैर नाही.

मुख्याध्यापकांनी हेडसेट काढला. आधी तिच्याकडे पाहिलं, मग कंबर चोळणाऱ्या तिच्या वडिलांकडे. "काय म्हणता? काढतो सहल, पाठवता काय पोरीले?"

वडिलांनी चोळणं थांबवलं. मग म्हणाले, "माणूस इथं हॉलमधीबी पडते सर, मंग घरी ठेवून तरी काय फायदा? जाऊ द्या तिले."

गेल्या आठवड्यात सहल निघाली. मुख्याध्यापक कमरेला पट्टा बांधून पहिल्या सीटवर.

इतिहासाचा शिक्षक म्हणून सांगतो, हेडसेटमध्ये जितकं लख्ख दिसतं तितकं तिथं दिसत नाही. लेणीत अंधार, वटवाघळांचा वास, मागून गर्दीचे धक्के. करुणा बुद्धाच्या मूर्तीसमोर हात जोडून उभी राहिली, ती हलेचना. लोक तिला वळसा घालून जात होते. मी तिला हाक मारली नाही.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर तिनं माझा फोन मागितला. वडिलांना लावला. त्यांनी बहुतेक काय काय दिसलं ते विचारलं असावं.

"अंधार हाय बाबा, लय नाही दिसत," ती म्हणाली. मग थोडं थांबून... "पण आली मी. खरंच आली."

मी उगाच दरीकडे बघत उभा राहिलो, डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून.

मुख्याध्यापकांचे, आणि त्यांच्या कमरेचे, मनापासून आभार.