चौथी पास सुनेचा भोपळा

अमरावतीच्या आमच्या गल्लीत माह्याबद्दल एकच गोष्ट सगळ्याईले माहीत होती अन् तीच खोटी होती, का मी चौथी पास आहो. हे मी नाही, माह्या बापानं सांगितलं होतं, पाहुणे पोहे खाऊन राहिले होते तवा. बाप आदल्या दिवशी मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेले जाऊन खरं बोला, खरं चाला म्हणत टाळ्या वाजवून आला होता, अन् सकाळी म्हणे, पोरगी चौथी पास हाये. मी दाराआडून आयकलं, मलेही तवाच समजलं. खरं म्हणजे दुसरीत जोडाक्षरं सुरू व्हाच्या आधीच माह्या पाठीवर भाऊ झाला, त्याले सांभाळाले मले घरी बसवलं, तवापासून जोडाक्षरं अन् मी समोरासमोर आलो नाही.

सासू मात्र हे चौथी पास दागिन्यावानी मिरवे, भाजीवालीले सुद्धा सांगे. गल्लीतलं कोणी टपालाचं कार्ड वाचाले आणलं तं मी "सगळे खुशाल हायेत" म्हणून मोकळी होवो. कार्डात बहुतेक तेच असते.

भेव कायचं होतं तं शेजारच्या घरची सून अकोल्याची, एका कानानं बहिरी. लग्नात ते लपवलं म्हणून तिले अकोल्याच्या गाडीत बसवून देलं, ते परत आलीच नाही. अन् ते बिचारी एकाच कानाची खोटी होती, मी तं तीन वर्गाची. माहं माहेर तिवश्याकडं. घरचा माणूस कंडक्टर, पण धारणीच्या गाडीवर, म्हणजे मले धाडलं असतं तं तिकीट फाडाले सुद्धा घरचं कोणी नसतं.

मोठा पोट्टा पहिलीत घातला अन् मी दिसली नाही का तो बोंब मारे. गुरुजी म्हणाले, बाई, तुम्हीच बसा दारापाशी. तं मी लहान्या पोट्टीले मांडीवर घेऊन दारापाशी बसो. गुरुजी पुण्याकडचे, वाळल्या शेंगेवानी. तपकीर ओढली का पुढच्या ओळीतले पोट्टे आधीच तोंडावर पाट्या धरत.

शनिवारी उजळणीचा खेळ राहे. खेळ मामाच्या पत्राचाच, गुरुजीनं त्यात अभ्यास कोंबला होता, जशी माय गुळात कडू औषध कोंबते. सगळ्याईनं लिंबाखाली गोल बसाचं, एकानं गुरुजीच्या उपरण्याची गाठ घेऊन मागून पळाचं, ज्याच्यामागं टाकली त्यानं त्याले पकडाचं. नाही पकडलं तं मधात उभं राहून आधी चिंचोके मोजाचे, मंग पाटीवरचा शब्द वाचाचा. चुकला तो भोपळा, तिथंच बसाचं.

पोट्टा म्हणे, आई बसन तं मी बसतो. बसली. पुढचे दात पडलेली एक कार्टी, तिनं गाठ नेमकी माह्यामागं टाकली. मी पळाली, लुगडं पायात, पोट्टी काखेत भोकाड पसरून राहिली, कार्टी हसून राहिली, अन् जाऊन बसली माह्याच जागेवर. मी हापत मधात उभी. गुरुजीनं ओंजळीत चिंचोके टाकले. मोजाची सवय मले खळ्यावरची, बाप ज्वारी मापे अन् मी मोजो. हात सुरू झाला का तोंड आपोआप सुरू होते.

"लाभ, दोन, तीन, चार…"

पोट्टे लोळाले लागले.

"अहो बाई," गुरुजी म्हणाले, "एक कुठे गेला?"

कुठं जाईन. खळ्यावर पहिल्या मापाले कोणी एक म्हणतच नाही, लाभ म्हणते, धान्यात बरकत राहावी म्हणून. पण हे सांगाले जीभ उचलेना.

"भोपळा," गुरुजी म्हणाले. गोष्ट शब्दापर्यंत गेलीच नाही. मी देवाचे आभार मानले, घाईत कोणत्या देवाचे ते ठरवलं नाही.

घरी पोट्ट्यानं पाटी ठेवाच्या आधीच सांगितलं, "आजी, आई भोपळा झाली."

सासू मिसरी लावून राहिली होती. बोट तोंडातच राहिलं. मले तिवश्याची गाडी दिसाले लागली, खिडकीतली जागा सुद्धा. तिनं चूळ भरली. "चौथी पास बाईले भोपया? सोमवारी मीच येतो शायेत."

रविवारी मी भाकरी थापता थापता घोकलं. एक भाकर, एक भाकर. सासू म्हणे, "काहून वं, दुसरी नाही करत काय?"

सोमवारी ते खरंच आली, लिंबाखाली पाय पसरून बसली.

"आज खेळ नाही, आज शुद्धलेखन आहे," गुरुजी म्हणाले.

"मंग मी शनवारपर्यंत बसतो इथंच."

गुरुजीनं चिंचोके काढले. मी जीभ आवळून सुरू केलं, "एक…"

"थांब," सासू म्हणाली. "एक म्हनून काहून मोजते वं? घरातली बरकत घालवते काय? लाभ म्हन."

"पण आजी, शनिवारी त्या लाभच म्हणाल्या," गुरुजी म्हणाले. "म्हणून तर भोपळा झाला."

सासूनं त्याईले वरून खालपर्यंत पायलं. "म्हनजे बरोबर सांगितलं तरी भोपया? गुर्जी, तुमी कोनीकडचे?"

"पुण्याकडचा."

"तरीच."

गुरुजीनं तपकीर ओढली, पण शिंक आली नाही.

"आता वाचाचं लिवा," सासू म्हणाली. "अन् चौथीचं लिवा, पह्यलीतलं नोको."

गुरुजीनं लिहिलं. पाटीवर अक्षरं एकमेकाच्या अंगावर चढून बसले होते. पोट्टे पहिलीतले, त्याईले येत नव्हतं, सासूले येत नव्हतं, मले येत नव्हतं. त्या अंगणात वाचता येणारे एकटे गुरुजी.

"वाच," सासू म्हणाली.

मले जेवढा मोठा शब्द माहीत होता तेवढा मी म्हणली. "महाराष्ट्र."

गुरुजीनं माह्याकडं पायलं. मंग सासूकडं पायलं. मंग पाटी पुसून टाकली.

"बरोबर," ते म्हणाले.

सासू उठली, लुगडं झटकलं, गल्लीत सांगाले निघून गेली. मी पोट्टीले घेऊन मागून निघाली तं गुरुजी हळूच म्हणाले, "बाई, मुलगा आता एकटा बसेल. पण तो रडत असला, तर तुम्हाला यावंच लागेल. दुसरीची जोडाक्षरं मी मधल्या सुट्टीत घेतो."

पोट्टा कधीचा रडाचा थांबला हाये. शाळेच्या दारापाशी मी त्याले रोज गूळदाण्याचा लाडू दाखवतो अन् म्हणतो, रड.