दोरीवरची चादर: शेलारला रील शिकवायला गेले तेव्हा

"भिवंडी? फिरायला?" नवऱ्याने दोन प्रश्नांत माझ्या सहलीचा निकाल लावला. त्याचंही बरोबर होतं. भिवंडीला लोक माल आणायला जातात, माल पोचवायला जातात, बॅग भरून सुट्टीला कुणी जात नाही. पण मला घरात करमत नव्हतं. पायाला भिंगरी माझ्या आहेच, त्यात गेले काही आठवडे नुसती तगमग चालली होती. हा ब्लॉग वाचणाऱ्यांना माहीत आहे की मी छोट्या धंदेवाल्यांना सोशल मीडियावर माल कसा विकायचा ते शिकवते. फोटो उजेडात काढा, किंमत लपवू नका, काम होताना दाखवा, लोकेशन टाकायला विसरू नका. वर्ग संपतो, टाळ्या होतात, आणि त्या माणसांचं पुढे काय झालं ते मला कधीच कळत नाही. ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

तेवढ्यात सारिकाचा फोन आला. सारिका माझी कॉलेजातली मैत्रीण, लग्न होऊन भिवंडीजवळच्या शेलारला गेली. तिच्या नवऱ्याचा, दिनेशचा, घराला लागूनच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आहे.

"दोन लूम माझ्या ताब्यात दिलेत. टॉवेल काढते मी, माझ्या नावाने," ती म्हणाली. "पण विकायचे कुठे? दिनेश म्हणतो, दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर सगळेच लूम भंगारात घालू आणि जागेवर गोडाऊन बांधू. तू ये ना."

मी बॅग भरलीच होती म्हणा.

पहिला दिवस

पुण्याहून कल्याणपर्यंत रेल्वे, आरक्षण करून, खिडकीजवळची जागा. कल्याणला उतरून भिवंडीची बस. नकाशात हे अंतर चिमूटभर दिसतं, पण नकाशाला ट्रक दिसत नाहीत. खाडीचा पूल ओलांडला की पुढे कंटेनर, मागे कंटेनर आणि मध्ये आपण. माझ्या शेजारच्या मावशींनी शांतपणे मेथीची जुडी काढून निवडायला घेतली आणि मी दर मिनिटाला फोन बघत राहिले. बस धामणकर नाक्याला पोचेपर्यंत त्यांची मेथी निवडून झाली होती. ज्यांना जायचं असेल त्यांनी सकाळी लवकर निघा, आणि तासाभराच्या रस्त्याला दोन तास हाताशी ठेवा.

नाक्यावर उतरलात की कुणाला काही विचारायची गरज नाही. रिक्षावालेच तुम्हाला विचारतात.

"शेलार, शेलार! एक सीट! मॅडम, बैठो, अभी छोडते."

ते 'अभी' चौथी सवारी मिळेपर्यंत चाललं. शेअर रिक्षाला वडापावपेक्षा थोडे जास्त पैसे पडतात, सुट्टे जवळ असू द्या. नाक्यावरच्या टपरीचा चहा चांगला कडक आहे. तिथे मराठीत मागितलेला चहा हिंदीत मिळतो आणि सुट्टे पुन्हा मराठीत परत येतात.

सारिकाचं घर लांबूनच ऐकू येतं. कारखान्याचं दार उघडलं आणि तो खडखडाट अंगावर आला, तेव्हा मी चक्क दोन पावलं मागे सरले. आत कुणी बोलत नाही, सगळं हातवाऱ्यांवर चालतं. सारिकाच्या दोन लूमवर पांढरे टॉवेल, लाल काठाचे, साधे. मला जरा हिरमुसल्यासारखं झालं. पांढऱ्या टॉवेलचं रील कोण बघणार? आणि मग कोपऱ्यातल्या लूमकडे लक्ष गेलं. त्यावर चौकड्याचं कापड चाललं होतं, हिरवट निळा आणि मोहरीचा पिवळा, मध्येच एक बारीक विटकरी रेघ. मी बघतच राहिले.

इतक्यात शेजारच्या कारखान्याचा मालक पाना मागायला आला. दिनेशने त्याला पाना दिला, पण त्याआधी कोपऱ्यातल्या लूमसमोर बांधलेल्या दोरीवरची जुनी चादर हळूच पुढे ओढून कापड झाकलं. शेजारी गेल्यावर चादर परत बाजूला केली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "धूळ बसते का हो त्याच्यावर?"

"हां, धूळच," दिनेश म्हणाला आणि हसला.

मला त्या हसण्याचा अर्थ विचारायला हवा होता, पण माझ्या डोक्यात टॉवेल होते.

दुपारी जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. सारिकाच्या सासूबाई, ज्यांना सगळे आयी म्हणतात, ताटावर लक्ष ठेवून होत्या. माझा फोन ताटाशेजारी होता.

"जेव गो पोरी. फोन काय पलून जातंय?"

"आयी, त्यातच माझं काम आहे."

"काम व्हय? मना वाटला कुनी आजारी हाय."

जेवणानंतर मी माझी शिकवणी चालू केली. टॉवेल दारातल्या उजेडात धरला. आयींच्या ओल्या केसांना गुंडाळून फोटो काढला, तो सगळ्यात छान आला. बिझनेस अकाउंट, किंमत, व्हॉट्सॲपचा नंबर, सगळं भरलं. सारिका कॅमेऱ्यासमोर आली की लाजून पुतळ्यासारखी व्हायची. "तू दिसू नकोस," मी म्हटलं, "काम दाखव. लोकांना काम होताना बघायला आवडतं. आणि लोकेशन टाक. भिवंडी म्हणजे कापड, हे सगळ्या देशाला माहीत आहे."

हे वाक्य मी शंभरदा बोलले असेन.

दुसरा दिवस

सकाळी दिनेशने मला मोटरसायकलवरून दापोड्याला नेलं. त्याचा चुलतभाऊ प्रकाश तिथे राहतो. एकेकाळी ज्या जमिनीत भात लावायचे, तिथे आता गोडाऊन आहेत, एकाला लागून एक, निळ्या पत्र्यांची. जेवायचं असेल तर ड्रायव्हर मंडळींच्या धाब्यांवर जा, थाळी स्वस्त आणि भाजी झणझणीत. बघायला मात्र पत्रे आणि ट्रक.

प्रकाश अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. "या मॅडम! याला सांगा जरा. लूममध्ये काय ठेवलंय? कारीगर गावाला गेला की याचं तोंड बघायचं. माझ्याकडं बघा, भाडं येतं, मी बसतो."

"खरंय," दिनेश म्हणाला. "कसली कटकट न्हाय."

आम्ही चहा घेतला. तिथे खरंच शांत होतं, इतकं की मला कधी निघतो असं झालं. दिनेशकडे पाहिलं तर त्याची बोटं खुर्चीच्या हातावर एका लयीत चालली होती, खटखट, खटखट. प्रकाशने दोनदा त्याच्या हाताकडे बघितलं.

तेवढ्यात माझा फोन वाजायला लागला. सारिकाने स्वतःच्या हिमतीवर रील टाकलं होतं! उघडलं तर काय, कोपऱ्यातला तो लूम, ते हिरवट निळे चौकडे, धोटा इकडून तिकडे पळतोय, आणि खाली लिहिलेलं, 'आमच्या लूमवरून थेट तुमच्या घरी. शेलार, भिवंडी.' शेवटी दोन सेकंद टॉवेल. सुंदर होतं. बघणाऱ्यांचा आकडा डोळ्यांसमोर पळत होता. मी तिथल्या तिथे ओरडले आणि रील माझ्याही अकाउंटवर टाकलं. दिनेश प्रकाशशी भाड्याचं बोलत होता. मी त्याला म्हटलं, घरी गेल्यावर दाखवते, तुमच्या बायकोने कमाल केली.

परतीच्या वाटेवर त्याचा फोन थांबेचना. शेवटी त्याने गाडी कडेला घेतली. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, शब्द नाही, पण चढलेला सूर कळत होता. दिनेश नुसता "हां भाई, हां भाई" करत होता. फोन ठेवल्यावर त्याने माझ्याकडे हात पुढे केला.

"मॅडम, काय व्हिडिओ टाकलाय तो दाखवा."

त्याने तो एकदा पाहिला. पूर्णही पाहिला नाही.

मग रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या धुरात, मला ते कळलं जे भिवंडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ते कापड दिनेशचं नव्हतंच. सूत व्यापाऱ्याचं, डिझाइन व्यापाऱ्याचं, विणायची मजुरी तेवढी दिनेशची. इथे बहुतेकांचं असंच चालतं, त्याला जॉबचं काम म्हणतात. नवं डिझाइन बाजारात यायच्या आधी दुसऱ्याच्या नजरेला पडलं तर तो तेच स्वस्त सुतात काढून मोकळा होतो. म्हणून दोरीवरची ती चादर. म्हणून ते हसणं.

घरी पोचलो तेव्हा सारिका दारातच उभी होती. तिला कळलं होतं. रडून झालं होतं.

"मला काय माहीत नव्हतं का गं?" ती म्हणाली. "चादर मीच धुते ती. पण मला वाटलं, हे पुण्या-मुंबईचे लोक बघणार. आपला मार्केटवाला कुठे रील बघत बसलाय? आणि माझे टॉवेल किती साधे दिसत होते त्याच्यासमोर."

मार्केटवालाच बघत बसला होता. शिफ्ट बदलताना, चहाच्या टपरीवर, लूमवरचा बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, बदलेपर्यंतच्या वेळात सगळी भिवंडी रीलच बघते. आणि लोकेशन टाकलं की रील आधी आजूबाजूच्यांनाच दिसतं. हे तर मीच शिकवते. मी दोन्हीकडचं रील काढून टाकलं, पण तोवर ते कुठल्या कुठे गेलं होतं. दुपारभर मी घरासमोरच्या ओट्यावर येरझाऱ्या घातल्या, आयींनी शेवटी माझा हात धरून मला खाली बसवलं.

तिसरा दिवस

त्या व्यापाऱ्याची, नईमभाईंची, कचेरी धामणकर नाक्याच्या जरा आत, एका जिन्यावर. मी गेले नसते तरी चाललं असतं, पण मला घरी थांबवेना. दिनेश पुढे, सारिका मागे, मी त्यांच्या मागे. नईमभाई साठीच्या पुढचे, चष्मा कपाळावर. त्यांनी पाणी मागवलं, आणि मग स्वतःचा फोन आमच्यासमोर धरला. त्यावर तेच चौकडे होते, पण आमच्या रीलमधले नाहीत. दुसऱ्याच कुणाच्या लूमवर चढलेले.

"काल सकाळला रील, आज सकाळला ये. देखो दिनेश, तुझ्यावर मला शक नाही. पण सीझन गेला माझा. हे बीम संपले की नवीन बीम तुला नाय देणार. मला भी मार्केटला तोंड दाखवायचंय."

मी दिनेशकडे पाहिलं आणि मनात आलं, झालं, आता हा उठेल आणि प्रकाशला फोन लावेल. त्याला हवं होतं ते कारण त्याला आयतं मिळालं होतं.

बोलली ती सारिका. जी कॅमेऱ्यासमोर पुतळा होत होती ती.

"भाई, चूक माझी हाय, ह्यांची न्हाय. तुमच्याकडं दुसरं डिझाइन असेल ना?"

"असेल तो भी अभी वक्त कुठाय?"

"माझे दोन लूम घ्या. टॉवेलचे बीम आज उतरवते. त्याच्यावर तुमचं चढवा, दोन्ही शिफ्ट चालवू. दुसऱ्या कुणाच्या आधी तुमचा माल बाजारात असेल."

"और टॉवेल?"

"टॉवेल दिवाळीनंतर बघू."

तिला माहीत होतं ती काय बोलतेय. दिवाळीपर्यंतच तर मुदत होती. मला ओरडावंसं वाटलं, कारण माझ्या पर्समधला फोन त्याच वेळी थरथरत होता. रील काढून टाकलं तरी तिचा नंबर लोकांकडे गेला होता, माझ्याकडेही विचारणा येत होत्या, नाशिकहून, कोल्हापूरहून. टॉवेल हवेत, किती दिवसांत मिळतील?

नईमभाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दिनेशकडे पाहिलं. "तू बोल. कारखाना तुझा. सुना है, गोडाऊन बांधतोस?"

दिनेशने घसा साफ केला. "कोन बोलला? बीम पाठवा, भाई. आज संध्याकाळला पाठवा."

जिना उतरताना सारिकाने त्याचा शर्ट मागून धरला होता, गर्दीत लहान मूल धरतं तसा. नाक्यावर आम्ही तिघांनी चहा घेतला. मग दिनेशने मला कल्याणच्या बसमध्ये बसवून दिलं. "मॅडम, परत या," तो म्हणाला, "पन फोन घरी ठेवून."

घरी

पुण्याला येऊन महिना झाला. माझ्या वर्गाच्या टिपा त्याच आहेत, फक्त 'काम होताना दाखवा' म्हणण्याआधी मी आता विचारते, की हातातला माल कुणाचा आहे. बऱ्याच जणांना उत्तर द्यायला वेळ लागतो. टॉवेल मागणाऱ्यांना मी एकेक करून कळवलं, की थांबावं लागेल. काही रागावले. काही थांबलेत. अस्वस्थपणा गेला का? नाही. उलट वाढलाय, आणि तो कशाचा आहे ते आता कळतं: मी गेले नसते तर सारिकाचे टॉवेल आज त्या लूमवर असते. हे विसरायला मी कुठे फिरायला जाऊ?

सारिकाच्या अकाउंटवर मी रोज डोकावते. तिथे बरेच दिवस काहीच नव्हतं. काल एक रील आलं. जुनी चादर, दोरीवर ओढलेली, आणि तिच्यामागे लूमचा खडखडाट. बस, तेवढंच. चादर आतल्या वाऱ्याने थरथरत राहते. मग एका बाजूने तिचं टोक जरा सरकतं, आणि पुरुषाचा हात येऊन ते घाईने नीट करतो. त्या खडखडाटातही दिनेशचा आवाज ऐकू येतो, ओरडून विचारलेला.

"आता काय दिसत न्हाय ना गो?"

खाली तिने लिहिलंय, 'टॉवेल दिवाळीनंतर. लूम चालू आहेत.'

लोकेशन टाकलेलं नाही.