मागच्या दारानं कामावर

मी वेबसाइट बनवतो, हे आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेवटपर्यंत पटलं नाही. लासूर स्टेशनहून वाळूजच्या कंपनीत आलेला माणूस, उभी हयात पत्रे दाबणाऱ्या मशीनींवर, प्रेस शॉपमध्ये काढली. बस चुकली नाही, कधी खाडा पडला नाही. मी जन्मलो त्या दिवशीसुद्धा ते सेकंड शिफ्टला गेले होते आणि हे आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे. आई तेव्हा जे तोंड करायची ते बघण्यासारखं असायचं.

मी बी.एस्सी. कसंबसं उरकलं आणि औरंगपुऱ्यात एका क्लासला कोडिंग शिकलो. पहिली वेबसाइट वैजापूरच्या एका कांदा व्यापाऱ्याची. त्याला फक्त स्वतःचा फोटो मोठा हवा होता. मग निराला बाजारात एका छोट्या ऑफिसात नोकरी लागली. तोवर सगळं बरं होतं, कारण मी डबा घेऊन घराबाहेर पडायचो. पुढं पुण्याच्या कंपनीनं घेतलं आणि सांगितलं, घरूनच काम करा. झालं!

"चड्डीवर बसल्याला कोण पगार देतं रे? खरं सांग, काढलं ना तुला?"

मी चिडायचो, हुज्जत घालायचो. एकदा स्क्रीनसमोर बसवून सगळं दाखवलं. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि चहा मागितला.

मग त्यांना लकवा मारला. मी दिवसा घरात दिसलो की ते अंथरुणावर पडल्या पडल्या रडायचे. माझे आप्पा, रडायचे! "पोराला काढलं गं," असं आईला सांगत राहायचे, आणि बीपी चढायचं. शेवटी आईच म्हणाली, "तू आपला जात जा कामावर."

तेव्हापासून मी रोज सकाळी दाढी करून, बूट घालून, डबा घेऊन त्यांच्यासमोरून निघायचो. "येतो आप्पा." मग गल्लीला वळसा घालून मागच्या दारानं आत, त्यांच्या भिंतीला लागून असलेल्या मागच्या खोलीत. शेजारीपाजारी हसायचे, हसोत बापडे. दिवसभर मीटिंगमध्ये मी कुजबुजायचो. संध्याकाळी पुन्हा वळसा घालून पुढच्या दारानं घरी.

"बस मिळाली का?" ते विचारायचे.

"मिळाली."

त्या एका शब्दावर त्यांना झोप लागायची. पण मधला अख्खा दिवस मला त्यांचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू यायचा आणि उठून पाणी पाजता यायचं नाही. लई जीव तुटायचा. बाप हाताच्या अंतरावर, आणि मी कामावर.

एका दुपारी आई खोलीच्या दारात आली. आप्पांच्या खोलीकडं हात करून नुसती मान हलवली. मी हेडफोन काढून फेकला, पण धावलो नाही. आधी बूट घातले. वेड लागलंय असं कुणाला वाटेल, पण मी खाली बसून नाड्या बांधल्या, बॅग खांद्याला लावली आणि गल्लीला वळसा घालून पुढच्या दारानं आत गेलो.

त्यांनी आधी माझे बूट बघितले.

"आज लवकर?"

"व्हय आप्पा. लवकर सुट्टी झाली."

"खाडा नाय ना लावला?"

"नाय. भरपगारी हाय."

"मग बस."

मी बसलो. कितीतरी महिन्यांनी भरदिवसा त्यांच्याजवळ बसलो, हात हातात घेतला. उन्हं कलायच्या आत ते गेले. डबा बॅगेत तसाच होता.

तेराव्यानंतर कामाला लागलो. आता वळसा नको, बूट नकोत. चप्पलसुद्धा न घालता सरळ मागच्या खोलीत जाऊन बसलो. मीटिंग सुरू झाली, माझी पाळी आली, मी बोलू लागलो.

"अरे, आवाज येत नाहीये तुझा," पुण्याहून मॅनेजर म्हणाला. "जरा मोठ्यानं बोल ना."

मी भिंतीकडं बघितलं. मोठ्यानं बोलायला आता कुणाचीच हरकत नव्हती. मला बोलताच येईना.