क्लच नसलेली गाडी

सेलूत अजून सांगतात, परदेशी पिकअपचा गिअरबॉक्स मी एकट्यानं खोलून पुन्हा चालता केला. मी ऐकून गप्प बसत आलो. खरं म्हणजे त्याचा एक बोल्टही मी खोलला नाही. उलट, त्याआधी एका माणसावर खोटा आळ मात्र घेतला होता.

गाडी बोअरवेलच्या एका ठेकेदाराची, लिलावात घेतलेली. स्टिअरिंग डावीकडे, गिअर आपोआप पडायचे, पायाशी फक्त ब्रेक आणि रेस. एकदा पाइप भरून निघालेली गाडी जिनिंग मिलमागच्या चढावर थांबली. इंजिन गरजायचं, चाक हलायचं नाही. ढकलत माझ्या गॅरेजात आणली. जीप-ट्रकच्या सवयीनं मी सांगून टाकलं, "क्लच जळालाय."

मालक ड्रायव्हरकडे वळले. "जाळलास ना? उद्यापासून येऊ नको."

ड्रायव्हर पिंगळीकडचा, जमीन थोडी, तीही कोरडवाहू. ही नोकरी गेली की बायकोला घेऊन ऊसतोडीला जाणं आलं. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "उस्ताद, ज्या गाडीला क्लचचं पायडलच न्हाई, तिचा क्लच म्या कसा जाळला?"

गॅरेजातले सगळे हसले. मालक हसले नाहीत. मी ड्रायव्हरकडे वळलो.

"बरं, दाखव. काय करती ती?"

त्यानं इंजिन चालू केलं. "सकाळी लय झ्याक चालती. भरून ओढत नेली, गरम झाली, की नुस्ती बोंबलायलीय. जागची हलत न्हाई. थंड झाली की पुन्हा नीट."

गिअरबॉक्सचं तेल मी आधीच पाहिलं होतं; इंजिन बंद करून, आम्ही सगळ्याच गाड्यांचं पाहायचो तसं. खुणेपर्यंत भरलेलं होतं. आता इंजिन चालू असतानाच तेलाची गेज ओढली, तर टोक कोरडं. बंद करून पाहिलं, भरलेलं. पुन्हा चालू केलं, कोरडं! इंजिन फिरलं की तेल आत खेचलं जात होतं, आणि तेव्हाच ते कमी पडत होतं. बोटावर घेऊन वास घेतला. जळका वास नव्हता. खाली वाकलो, तर हे तेल गार करायला रेडिएटरकडे नेणारी रबरी नळी चिरलेली. तिथला ओला डाग आम्ही इंजिनचा समजून सोडून दिला होता.

"मग ओता नव्वद नंबरचं तेल," मालक म्हणाले.

"ते जाड तेल या गिअरबॉक्सला मारून टाकील. याचं पातळ, लाल तेल येतं, तेच आणा. आणि मालक, क्लचचं मी चुकीचं बोललो. ड्रायव्हरची काही चूक न्हाई."

"चढ चढली तर मानीन. न्हाई चढली तर हा घरी."

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदात एसटी अडकल्या, औरंगाबादहून तेल यायला उशीर झाला. तोवर ड्रायव्हर रोज येऊन गाडी पुसत बसायचा. शेवटी तेल आलं, नवी नळी बसली. पाइप भरून आधी गाडी चांगली तापेपर्यंत फिरवली, मग त्याच चढाला लावली. मी मागं पाइपांवर बसलो होतो. निम्म्यावर इंजिन गरजलं. पण गाडीनं आपणहून खालचा गिअर घेतला आणि सरसर वर निघाली! ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मी मागून बोंब ठोकत होतो.

माथ्यावर मालक मोटारसायकलवरून मागोमाग आले. सवयीनं डावीकडचं दार उघडून आत चढू लागले. तिथं स्टिअरिंग धरून ड्रायव्हर बसलेला.

"मालक," तो म्हणाला, "तुमची जागा पलीकडं हाय."

मालक निमूट वळसा घालून बसले. "चल," म्हणाले, "पाइप पोचवायचेत."